घरचा सर्व्हर आणि बाहेरची वाट : वाचकांचे प्रश्न

आपली छायाचित्रे, कागदपत्रे, पासवर्ड आणि दिनदर्शिका परक्या कंपनीच्या संगणकावर न ठेवता घरातल्याच एखाद्या छोट्या संगणकावर ठेवण्याचा छंद अनेकांना लागला आहे. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही येथे निवडली आहेत. बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी आहे : सेवा घरात चालते, पण ती बाहेरून गाठायची कशी आणि गाठताना सुरक्षित ठेवायची कशी? हा प्रश्न योग्यच आहे, कारण नेक्स्टक्लाउड (फायली ठेवण्याचा प्रोग्राम) किंवा इमिच (छायाचित्रे सांभाळणारा प्रोग्राम) बसवणे एका संध्याकाळचे काम असले, तरी त्यामागचे नेटवर्क समजून घ्यायला त्याहून पुष्कळ अधिक वेळ द्यावा लागतो.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मी नेक्स्टक्लाउड बसवले आहे. घरच्या वायफायवर ते उत्तम चालते. बाहेरून वापरता यावे म्हणून राउटरमध्ये ४४३ क्रमांकाचे पोर्ट (सुरक्षित संकेतस्थळांच्या वाहतुकीचे दार) लॅपटॉपकडे वळवले, फायरवॉलमध्येही (नको ती वाहतूक अडवणाऱ्या गाळणीत) परवानगी दिली. तरी मोबाइल डेटावरून काहीच उघडत नाही. राउटर बदलावा काय?

उत्तर : राउटर बदलण्याची घाई करू नये. दोष राउटरच्याही पलीकडे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती दोन मिनिटांत तपासता येते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शीर्षकाखाली एक आयपी पत्ता (जाळ्यावरचा यंत्राचा क्रमांक) दिसतो, तो कागदावर उतरवून घ्यावा. मग घरच्याच वायफायवरून, आपला आयपी पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडून तेथे दिसणारा पत्ता त्याच्याशेजारी लिहावा. दोन्ही सारखे असतील तर आपल्या मांडणीतच काही राहिले आहे : लॅपटॉपचा घरातला पत्ता बदलला असेल (राउटरमध्ये तो लॅपटॉपसाठी कायमचा राखून ठेवावा), किंवा इंटरनेट कंपनी ४४३ वर आत येणारी वाहतूक अडवत असेल. दोन्ही पत्ते वेगळे असतील, तर मात्र जगाला दिसणारा पत्ता आपल्या राउटरचा नाहीच, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवली तरी बाहेरची मागणी त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

वेगळा निघालेला वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीच्या मोडेममागे आपण स्वतःचा राउटर जोडला आहे आणि पत्त्यांची अदलाबदल (नॅट) दोनदा होत आहे. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो पत्ते न बदलता वाहतूक तशीच पुढे देऊ लागला, की हा प्रश्न सहसा सुटतो. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे, ज्याला सीजीनॅट म्हणतात. हे कंपनीने आपली अडवणूक करण्यासाठी केलेले नसते. आयपीव्ही४, म्हणजे जुन्या प्रकारचा आयपी पत्ता, ३२ बिटांचा असल्यामुळे जगभरात मिळून असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांचे शेवटचे मोकळे गट प्रादेशिक संस्थांना वाटून झाले, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा अशा सामायिक वापरासाठीच राखून ठेवण्यात आला. मोठ्या इमारतीचा पत्ता एकच असावा आणि आतल्या खोल्यांचे क्रमांक टपालखात्याला ठाऊक नसावेत, तसे हे आहे. खोलीतून पत्र पाठवले तर त्याचे उत्तर परत येते, पण बाहेरून आपणहून आलेल्या पत्राला कोणती खोली गाठायची हे कळत नाही.

या अवस्थेत तीन मार्ग उरतात. पहिला, कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागणे. तो स्थिर असण्याची गरज नाही, कारण बदलता पत्ता डायनॅमिक डीएनएसने सांभाळता येतो (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा). दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या प्रकारच्या पत्त्यांचा. हे पत्ते १२८ बिटांचे असल्यामुळे आपल्या लॅपटॉपलाच स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि पोर्ट वळवण्याचा प्रश्नच राहत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी परवानगी द्यावी लागते. मात्र आपण बाहेर ज्या जाळ्यावर असू तेथेही आयपीव्ही६ असले पाहिजे, आणि ते प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. तिसरा मार्ग सर्वांत खात्रीचा : आतून बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही, म्हणून जोडणीची सुरुवात घरातूनच करायची. सार्वजनिक पत्ता असलेला एखादा छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन घरच्या लॅपटॉपने त्याच्याशी वायरगार्डचा बोगदा (दोन यंत्रांमधली कूटबद्ध जोडणी) जोडून ठेवावा, किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी, जी दोन उपकरणांची गाठ शक्यतो थेट घालून देते आणि ते जमले नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत कूटबद्ध वाहतूक पोचवते. भाड्याचा सर्व्हर घेतल्यास त्याच्याकडे केवळ जोडणी पुढे ढकलण्याचे काम द्यावे आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे ब्राउझरशी कूटबद्ध जोडणी होते) घरच्या यंत्रावरच ठेवावे, म्हणजे मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही.

प्रश्न : सर्व्हरवर बाहेरून काम करता यावे म्हणून एसएसएचचे (दुरून सर्व्हरला आज्ञा देण्याच्या सोयीचे) पोर्ट उघडे ठेवले होते. सहज नोंदी पाहिल्या तर अनोळखी पत्त्यांवरून प्रवेशाचे शेकडो प्रयत्न झालेले दिसले. माझ्या सर्व्हरवर कोणी डोळा ठेवून आहे का? पोर्ट २२ ऐवजी दुसरे वापरले तर हे थांबेल का? याच सर्व्हरवर व्हॉल्टवॉर्डनमध्ये घरच्यांचे पासवर्डही आहेत.

उत्तर : आपल्या नोंदींत 'इनव्हॅलिड यूजर' या शब्दांपुढे 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल' अशी नावे एकामागून एक दिसत असतील. हे प्रयत्न करणाऱ्याला आपण कोण आहात याची कल्पनाही नसते. आयपीव्ही४ चे जग आता इतके लहान झाले आहे की २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेल्या झेडमॅप या साधनाने एका गिगाबिट जोडणीवरून, त्या जगातल्या प्रत्येक पत्त्यावरचे एखादे पोर्ट तपासायला पाऊण तासही लागत नव्हता. त्यामुळे नवे पोर्ट उघडले की थोड्याच वेळात कोणीतरी ते ठोठावणार, असे धरूनच चालावे. पोर्टचा क्रमांक बदलल्याने नोंदींतली गर्दी कमी होईल, सुरक्षितता मात्र फारशी वाढणार नाही. खरे संरक्षण पासवर्डने प्रवेश पूर्णपणे बंद करून केवळ किल्लीच्या जोडीने (एकमेकींशी जुळणाऱ्या दोन डिजिटल किल्ल्यांनी) प्रवेश देण्यात आहे. हा बदल करताना चालू असलेली जोडणी तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येते याची खात्री झाल्यावरच पहिली बंद करावी.

पण माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे : हे पोर्ट सगळ्या जगासाठी उघडे असण्याची गरज आहे का? एसएसएच आपण एकटेच वापरता आणि व्हॉल्टवॉर्डन घरातली चार माणसे. या चौघांच्या उपकरणांखेरीज कोणालाही या सेवा दिसण्याचे कारण नाही. घरच्या सर्व्हरविषयी मला आग्रहाने एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही, की सेवा इंटरनेटवर मांडणे आणि सेवेपर्यंत स्वतः पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छंद म्हणून सर्व्हर चालवणाऱ्याला जवळजवळ नेहमी दुसरीच हवी असते. पहिली निवडली की प्रत्येक सेवेतल्या प्रत्येक त्रुटीची जबाबदारी आपल्यावर येते. त्रुटी जाहीर झाल्यापासून आपण सुधारित आवृत्ती बसवेपर्यंतचा काळ हा धोक्याचा असतो, आणि तो काळ आपल्या सुट्टीत किंवा आजारपणातही येऊ शकतो.

आत पोचण्यासाठी वायरगार्ड पुरेसे आहे. २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून गाभ्यातच समाविष्ट झाले, त्यामुळे बहुतेक वितरणांत त्यासाठी वेगळे काही घडवावे लागत नाही. त्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे मौन : ओळखीच्या किल्लीने प्रमाणित नसलेल्या डेटाच्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तेथे काही चालू आहे हेही कळत नाही. राउटरमध्ये वायरगार्डचे एकच यूडीपी पोर्ट (बहुधा ५१८२०) वळवावे आणि एसएसएच, व्हॉल्टवॉर्डन यांची पोर्ट बंद करावीत. फोनमध्ये 'अलाउड आयपीज' या ओळीत केवळ घरच्या जाळ्याचा पत्ता लिहिला, तर बाकीची वाहतूक नेहमीच्या मार्गाने जाते आणि बॅटरीवरही फारसा भार पडत नाही. फोन एखाद्या नॅटच्या मागून सतत जोडलेला राहायला हवा असेल, तर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (जोडणी जिवंत ठेवणाऱ्या पाकिटांमधले अंतर) २५ सेकंद ठेवावे.

येथे एक अडचण हमखास येते आणि तिचे कारण लवकर लक्षात येत नाही. घरचे जाळे १९२.१६८.१ या पट्ट्यात असेल आणि आपण पाहुणे म्हणून गेलेल्या घरचेही तेच असेल, तर फोन १९२.१६८.१.१० हा पत्ता समोरच्याच जाळ्यात शोधू लागतो आणि बोगदा जोडलेला असूनही सर्व्हर सापडत नाही. असंख्य राउटर हाच पट्टा घेऊन येतात. म्हणून घरचे जाळे सुरुवातीलाच १०.४७.८३ अशा कोणत्या तरी अनवट पट्ट्यावर न्यावे. पुढे उपकरणे वाढल्यावर हे काम किचकट होते.

आणखी दोन ठिकाणी लक्ष द्यावे. राउटरमधील यूपीएनपी बंद करावे, नाहीतर घरातले कोणतेही उपकरण आपल्याला न विचारता पोर्ट उघडू शकते. दुसरे डॉकरविषयी, म्हणजे प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या प्रोग्रामविषयी. सेवेची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये '८०८०:८०' असे लिहिले की डॉकर लिनक्सच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे आयपीटेबल्स नियम घालून ते पोर्ट यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनात ते बंद दिसत असले तरी प्रत्यक्षात ते उघडेच राहते. भाड्याच्या सर्व्हरवर याचा अर्थ सेवा थेट इंटरनेटवर गेली, असा होतो. ती ओळ '१२७.०.०.१:८०८०:८०' अशी लिहिली तर सेवा त्याच यंत्रापुरती राहते आणि पुढचे काम कॅडी किंवा एनजिनएक्ससारख्या रिव्हर्स प्रॉक्सीकडे (मागण्या घेऊन त्या योग्य सेवेकडे देणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवता येते.

एखादी गोष्ट खरोखरच सार्वजनिक करायची असेल, उदाहरणार्थ स्वतःचे संकेतस्थळ किंवा नातेवाइकांना पाठवायचा छायाचित्रांचा दुवा, तर तेवढीच मांडावी, आणि जमल्यास तिच्यासाठी वेगळे यंत्र किंवा वेगळे जाळे ठेवावे. क्लाउडफ्लेअरच्या बोगद्यानेही हे साधते. मात्र त्या मांडणीत कूटबद्ध वाहतूक त्या कंपनीच्या सर्व्हरवर उलगडली जाते, आणि ज्याने परक्या संगणकांपासून दूर जाण्यासाठी हा छंद धरला त्याने हे समजून उमजून स्वीकारावे.

प्रश्न : माझ्या सेवेचे डोमेन (इंटरनेटवरचे नाव) मोबाइल डेटावर उघडते, घरच्या वायफायवर मात्र उघडत नाही. असे उलटे का व्हावे?

उत्तर : घरातून आपण स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याकडे मागणी पाठवता, आणि ती राउटरमधून बाहेर न जाता तेथूनच आत वळवण्याची सोय, म्हणजे हेअरपिन नॅट, अनेक राउटरांत नसते. सोय असलेल्या राउटरांतही मला दुसराच उपाय अधिक पसंत आहे : घरातल्या उपकरणांना त्या नावाचे उत्तर म्हणून थेट सर्व्हरचा घरातला पत्ता मिळावा. पाय-होल, अ‍ॅडगार्ड होम किंवा अनबाउंड या घरी चालणाऱ्या डीएनएस प्रोग्रामांपैकी कशातही अशी स्थानिक नोंद करता येते. तरीही एखाद्या फोनवर अडले, तर त्या फोनमधील 'प्रायव्हेट डीएनएस' आणि ब्राउझरमधील सुरक्षित डीएनएस तपासावे. ते चालू असल्यास फोन घरच्या डीएनएसला विचारतच नाही.

प्रमाणपत्राची चिंता करू नये. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेकडून डीएनएसमधील नोंदीद्वारे मालकी सिद्ध करून प्रमाणपत्र घेता येते, आणि त्यासाठी एकही पोर्ट उघडावे लागत नाही. म्हणजे पूर्णपणे घरापुरत्या सेवेलाही ब्राउझरची तक्रार नसलेले प्रमाणपत्र मिळते. फक्त हे लक्षात असू द्यावे, की दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावरचे नाव सार्वजनिक नोंदवहीत जाते. 'पासवर्ड', 'कॅमेरा' अशी उपनावे तेथे दिसू नयेत असे वाटत असेल तर सर्व उपनावांसाठी एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्यावे.

प्रश्न : सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या आहेत; एकीवरचे सगळे दुसरीवर असतेच. मग वेगळ्या बॅकअपची आवश्यकता आहे का?

उत्तर : आहे. रेड १ ची ही मांडणी एक डिस्क निकामी झाली तरी सेवा चालू राहावी यासाठी असते, आणि ते काम ती चोख करते. पण चुकून पुसलेला फोल्डर त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसला जातो. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा व्हायरस, विजेचा झटका, चोरी किंवा आग यांपैकी कशापुढेही दुसरी डिस्क वेगळी उरत नाही. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांमुळे रूढ झालेला नियम आजही पुरेसा आहे.

घराबाहेरची प्रत रेस्टिक किंवा बोर्गने करावी. दोन्ही साधने माहिती घराबाहेर पडण्याआधीच कूटबद्ध करतात आणि केवळ बदललेले तुकडे पाठवतात. एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवलेल्या छोट्या यंत्रावर, त्याला मजकूर दिसण्याची भीती न बाळगता, आपली प्रत ठेवता येते. मात्र त्या प्रतीचा परवलीचा शब्द सर्व्हरवरच्या पासवर्ड पेटीतच असेल, तर सर्व्हर गेल्यावर बॅकअप हाती असूनही उघडणार नाही.

यापेक्षा अधिक वेळा आढळणारी चूक डेटाबेसची आहे. इमिचची छायाचित्रे साध्या फायली असतात, पण अल्बम, चेहऱ्यांची नावे आणि कोणते छायाचित्र कोणाचे ही माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली नुसत्या उचलून ठेवल्या तर ती प्रत अर्धवट अवस्थेतली असू शकते. म्हणून आधी 'पीजी डम्प'ने त्याची सुसंगत प्रत काढावी आणि मग ती फायलींसह बॅकअपमध्ये घ्यावी. हे सगळे झाल्यावर वेगळ्या संगणकावर, मूळ सर्व्हरला हात न लावता, त्या बॅकअपमधून सेवा उभी करून पाहावी. तोपर्यंत बॅकअप चालतो असे मानू नये. प्रोग्रामने 'यशस्वी' असा संदेश दिला तरी त्यातून सेवा उभी राहते हे त्याने सिद्ध होत नाही.

प्रश्न : आता ईमेलही घरच्या सर्व्हरवर आणावे असे वाटते. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : घरच्या जोडणीवरून ते करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घरगुती जोडण्यांवर बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बहुधा बंद असते, आयपी पत्त्याची उलटी (पत्त्यावरून नाव सांगणारी) डीएनएस नोंद आपल्या हाती नसते, आणि घरगुती पत्त्यांचे पट्टे स्पॅमविरोधी याद्यांत आधीच नोंदवलेले असतात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या नोंदी) अचूक मांडले तरी पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकते, आणि ते तेथे गेले हे आपल्याला कळतही नाही. डोमेन स्वतःचे ठेवून टपालाचे काम एखाद्या सेवेकडे सोपवावे. पुढे सेवा बदलली तरी आपला पत्ता आपलाच राहतो, आणि स्वातंत्र्याचा मोठा भाग तेवढ्याने मिळतो.

प्रश्न : माझ्या पतीने घरात सर्व्हर उभारला आहे. मुलांची छायाचित्रे, विम्याची कागदपत्रे आणि पासवर्ड त्यावरच असतात. ते कामानिमित्त परगावी असताना हे यंत्र बंद पडले, किंवा त्यांना काही झाले, तर मी काय करायचे? मला यातले तांत्रिक काही कळत नाही.

उत्तर : हा प्रश्न सर्व्हर उभारणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांनी विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी उभारणाऱ्याची आहे. आपल्या पतींकडून आपण एक कागद लिहून मागावा. त्यात काय असावे ते सांगतो.

यंत्र बंद पडल्यावर पहिली तक्रार बहुधा 'इंटरनेटच गेले' अशी असते. घरातल्या सर्व उपकरणांसाठी पाय-होल हाच डीएनएस ठरवलेला असेल, तर सर्व्हर थांबताच जोडणी उत्तम असूनही एकही संकेतस्थळ उघडत नाही. म्हणून राउटरच्या कोणत्या पानावर जाऊन डीएनएस पुन्हा कंपनीच्या पत्त्यावर न्यायचा, त्या पानाचा पासवर्ड काय, आणि राउटर पुन्हा सुरू करण्याची गरज आहे का, हे कागदावर सर्वांत वर लिहिलेले असावे. त्याखाली यंत्र नीट बंद आणि चालू करण्याची रीत असावी.

पासवर्डबाबत थोडे निश्चिंत राहावे. व्हॉल्टवॉर्डनसोबत वापरले जाणारे बिटवॉर्डनचे अ‍ॅप आपल्या फोनवर कूटबद्ध प्रत ठेवते, त्यामुळे सर्व्हर बंद असतानाही, अ‍ॅपमधून आपण बाहेर पडलेल्या नसाल तर, जुने पासवर्ड पाहता येतात; नवे जतन मात्र करता येत नाहीत. तरीही बँक, विमा आणि ईमेल यांचे पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. छायाचित्रांसाठी पतींना विचारावे, की बॅकअपची डिस्क साध्या लॅपटॉपला जोडली तर फायली नुसत्या उघडतात की त्याआधी काही करावे लागते. उत्तर दुसरे असेल, तर त्यांनी नुसत्या उघडता येतील अशा फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. थोडी गोपनीयता गमावून घरच्यांना हाती लागणारी प्रत मिळत असेल, तर मी तीच निवडेन. डोमेनचे नूतनीकरण कोणत्या खात्यावरून आणि कधी होते, हेही कागदावर असावे. ते राहून गेले, तर यंत्र सुस्थितीत असूनही त्या नावावर चालणारी प्रत्येक सेवा थांबते.

कागद तयार झाला की, आपले पती घरी असतानाच त्यांना सर्व्हर बंद करायला सांगावे आणि त्यांच्या मदतीवाचून, केवळ कागद पाहून, घरचे इंटरनेट सुरू करावे आणि मुलांचे एक ठरावीक छायाचित्र बॅकअपच्या डिस्कवरून शोधून काढावे. जेथे आपण अडाल ती जागा पेन्सिलीने खूण करून त्यांच्याकडून पुन्हा लिहून घ्यावी, आणि त्यांनी सर्व्हरमध्ये मोठा बदल केला की हीच तपासणी पुन्हा करावी.